त्वचेचा तुकडा तपासायला पाठवला, पुढं काय? – स्किन बायोप्सीबद्दल

स्लाइडवाली
इथल्या आरोग्याच्या धाग्यांवर "डॉक्टरांनी बायोप्सी सांगितलीय, म्हणजे कॅन्सरच का हो" हा प्रश्न सारखा दिसतो आणि खाली कोणीतरी लिहितंच की तुकडा काढू देऊ नका, पसरतं. म्हणून वेगळा धागा काढतेय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, माझं रोजचं बरंचसं काम त्वचेच्या बायोप्सी बघण्याचं.

पहिलं म्हणजे आपल्याकडे त्वचेच्या बहुतेक बायोप्सी कॅन्सरसाठी नसतातच. सोरायसिस आहे की जुनं इसब, लायकेन प्लॅनस (खाजणारे जांभळट चट्टे) आहे की औषधाची रिअ‍ॅक्शन, कुष्ठरोग आहे का, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे का, अंगावर फोड येतायत ते नेमके कशाचे, असले प्रश्न असतात. डोळ्याला सगळे लाल चट्टेच दिसतात, आत मात्र चित्र वेगळं असतं.

करतात काय तर लिग्नोकेनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. तेवढं टोचताना चुरचुरतं, नंतर नुसता दाब कळतो. पंच म्हणजे गोल धारेचं पेनासारखं हत्यार, बहुतेक वेळा 3 किंवा 4 मिमीचं, ते फिरवत खालच्या चरबीपर्यंत नेतात, कातडीचा छोटा दंडगोल सुटतो, एखादा टाका घालतात आणि घरी सोडतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण मनानं बंद करू नका, एवढ्याशा कामासाठी सहसा त्या थांबवत नाहीत. तुकडा लगेच 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात आणि ते फॉर्मॅलिन तुकड्याच्या दहापट तरी पाहिजे. मग लॅबमध्ये अल्कोहोल, झायलीन, वितळलेलं मेण असं करत त्याचा ब्लॉक होतो, मायक्रोटोमवर 4-5 मायक्रॉन जाडीचे काप निघतात आणि त्यांना हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनचा रंग देतात, पेशींची केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात ते यामुळे.

पण मला खरं सांगायचंय ते हे की त्वचेचा रिपोर्ट निम्मा लॅबच्या बाहेर तयार होतो. तुकडा कुठून घेतला, चट्टा किती दिवसांचा असताना घेतला, त्यावर आधी काय काय चोपडलं होतं, पोटात कुठल्या गोळ्या चालू आहेत आणि हे सगळं फॉर्मवर लिहिलंय का. माझ्याकडे कित्येक फॉर्म येतात त्यावर नुसतं "स्किन बायोप्सी" आणि खाली सही. जागा लिहिलेली नाही. तळपायाच्या कातडीवर केराटिनचा जाड थर असणं नॉर्मल आहे, तोच पाठीच्या तुकड्यात दिसला तर तो आजार, मग मी काय समजायचं? फोन करून विचारावं लागतं आणि तो फोन लागला नाही तर रिपोर्ट मोघम जातो. तेव्हा कोणाला बायोप्सी सांगितली असेल तर आपल्या गोळ्यांची यादी आणि लावलेली मलमं डॉक्टरांपुढे ठेवा आणि "हे फॉर्मवर लिहाल ना" असं बिनधास्त विचारा. चट्ट्याचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तोही द्या. प्रश्न असतील ते इथे विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

नुसताच_वाचक
ताई धागा काढलात बरं केलंत. पण पसरण्याचं काय? आमच्या गल्लीत एका काकांच्या बाबतीत झालं होतं, तुकडा काढला आणि सहा महिन्यात गेले, तेव्हापासून आमच्या घरी बायोप्सी म्हटलं की सगळे हात वर करतात.

स्लाइडवाली
@नुसताच_वाचक, दुःख समजतं. पण जो सहा महिन्यात जातो त्याचा आजार तुकडा काढायच्या आधीच आत पोचलेला असतो, लोक त्याची मोजणी तुकडा काढल्या दिवसापासून करतात. मेलानोमासारख्या (रंग तयार करणाऱ्या पेशींचा) वाईट कॅन्सरमध्येसुद्धा हे तपासून बघितलंय, आधी बायोप्सी केल्यामुळे पेशंटचं पुढचं बिघडलं असं दिसलेलं नाही. उलट नुकसान कशानं होतं ते सांगू? "चामखीळच आहे" म्हणून जाळून टाकण्यानं. कॉटरीनं जाळलं, तपासायला काही उरलंच नाही आणि वर्षभरानं तिथंच परत उगवलं की मग आमच्याकडे येतं. कुठलीही वाढ काढली तर ती तपासायला पाठवा, फेकू नका.

गोदाकाठ
माझ्या आईचा अनुभव लिहितो. आधी तोंडात जखमा झाल्या, दातांच्या डॉक्टरांकडे बरेच महिने फिरलो, मग पाठीवर आणि छातीवर पातळ फोड आले जे हात लागला तरी फुटायचे. स्किनच्या डॉक्टरांनी दोन तुकडे घेतले आणि सांगितलं एक साधा आणि एक इम्युनोफ्लोरेसन्सचा. जिथे पाठवलं तिथल्या माणसानं दोन्ही तुकडे फॉर्मॅलिनमध्येच टाकले. आठवड्यानं फोन आला की दुसरी टेस्ट होऊ शकत नाही, परत तुकडा द्या. आईची पाठ आधीच सोललेली, त्यात परत इंजेक्शन, परत टाका, माझा संताप झाला होता. नंतर पेम्फिगस निघाला, आता औषधं चालू आहेत आणि बरी आहे. पण ती दुसरी टेस्ट एवढी गरजेची होती का हे अजून मला कळलेलं नाही.

स्लाइडवाली
@गोदाकाठ, वाईट वाटलं वाचून, हे व्हायला नको होतं. टेस्ट गरजेची होती. साध्या स्लाइडवर फोड कुठल्या पातळीवर फाटलाय ते दिसतं. पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये वरच्या थरातल्या पेशींची एकमेकींशी असलेली पकड सुटते, सगळ्यात खालची एक ओळ तेवढी जमिनीला धरून उभी राहते आणि फट तिच्या वर पडते, म्हणून फोड इतका पातळ आणि लगेच फुटणारा. बुलस पेम्फिगॉइड हा फोडांचाच दुसरा आजार, त्यात पूर्ण वरचा थरच खालून सुटतो, त्यामुळे फोड ताठ, टणक. इम्युनोफ्लोरेसन्समध्ये शरीरानं स्वतःच्याच कातडीविरुद्ध केलेल्या अँटिबॉडी कुठे बसल्यात ते चमकून दिसतं, पेम्फिगसमध्ये पेशींच्या भोवतीनं जाळीसारखं आणि पेम्फिगॉइडमध्ये खालच्या पडद्यावर एक सरळ रेघ. दोन्हीचे उपचार आणि पुढचा प्रवास वेगळा, म्हणून नक्की करावंच लागतं.

आणि यासाठी तुकडा फोडाचा नाही, फोडाच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीचा लागतो, आणि तो फॉर्मॅलिनमध्ये चालत नाही. मिशेल्स मीडियम नावाचं द्रावण असतं, ते नसेल आणि लॅब जवळ असेल तर साध्या सलाइनमध्ये टाकून त्याच दिवशी पोचवायचा. ज्यांना कोणाला फोडांसाठी बायोप्सी सांगितलीय त्यांनी दोन बाटल्या आहेत का आणि दोन्हीत वेगवेगळं द्रावण आहे का एवढं तिथंच विचारा. साध्या तपासणीसाठीचा फोडही ताजा, एक-दोन दिवसांचा हवा, जुन्या फोडात खालून कातडी परत भरायला लागते आणि पातळी चुकते.

मायक्रोटोम_सांगली
मी लॅब टेक्निशियन, बरीच वर्षं हेच करतोय. बाहेर कोणाला कळत नाही ते एक सांगतो, मेणात तुकडा बसवताना तो उभा बसवायला लागतो. 3 मिमीचा तुकडा, फॉर्मॅलिनमध्ये आणि आकसतो, त्याची वरची बाजू कुठली खालची कुठली ते चिमट्यात धरून भिंगाखाली बघायचं. आडवा बसला की काप निघतात ते नुसते वरच्या थराचे नाहीतर नुसत्या चरबीचे आणि मॅडमना स्लाइडवर काहीच कळत नाही, मग ब्लॉक परत वितळवा, परत बसवा. आणि प्लीज बायोप्सी घेताना चिमट्यानं करकचून दाबू नका असं डॉक्टर लोकांना सांगा कोणीतरी, चिरडलेल्या पेशी नुसत्या निळ्या रेघोट्या दिसतात, काय वाचणार त्यात. मोठा तुकडा असेल तर एका टोकाला दोरा बांधून पाठवला की बाजू कळते, कडांना शाई लावता येते आणि कुठल्या कडेला आजार शिल्लक राहिलाय ते सांगता येतं.

वैनगंगा
इकडे आमच्या जिल्ह्यात बायोप्सी म्हटलं की लोकांना एकच आठवतं, कुष्ठरोग. माझ्या वडिलांच्या दंडावर फिकट चट्टा होता, खाज नाही, दुखणं नाही, घरात सगळे कोड समजत होते. आशाताईंनी बघितलं आणि म्हणाल्या पीएचसीला चला. तिथून जिल्ह्याला, तिथे तुकडा घेतला, रिपोर्ट आला कुष्ठरोगाचा. आनंदवन आमच्यापासून लांब नाही, लहानपणापासून ऐकत आलोय, तरी स्वतःच्या घरात म्हटल्यावर आई दोन दिवस जेवली नाही. आता त्यांचा कोर्स पूर्ण होत आलाय. माझा प्रश्न असा की चट्टा बधिर होता, डॉक्टरांना बघूनच कळलं होतं तर मग तुकडा कशाला?

स्लाइडवाली
@वैनगंगा, आशाताईंना माझा नमस्कार सांगा, त्यांनी वेळेत पकडलं. वडील बरे होतील. आणि आईंना सांगा की औषध सुरू झालं की माणूस लवकरच दुसऱ्याला लागण देण्याच्या स्थितीत राहत नाही, ताट वेगळं करायची अजिबात गरज नाही.

हा विषय माझ्या जवळचा आहे म्हणून जरा लांबण लावते. 2005 च्या शेवटी भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं निर्मूलन झालं (म्हणजे दहा हजारात एकाहून कमी रुग्ण) असं जाहीर झालं, लोकांना वाटलं संपला. पण आजही जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण आपल्या देशात सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. बधिर चट्टा आणि जाड झालेली नस असेल तर डॉक्टर बघून निदान करतात आणि सरकारी कार्यक्रमात त्यावर उपचारही सुरू होतात, ते बरोबरच आहे. तुकडा लागतो तो शंका असते तेव्हा आणि नेमका प्रकार कुठला ते बघायला. 1966 मध्ये रिडली आणि जॉपलिंग यांनी जे वर्गीकरण केलं ते आम्ही अजून रोज वापरतो. एका टोकाला ज्यांची प्रतिकारशक्ती जंतूला चांगलं तोंड देते, त्यांच्या स्लाइडवर गाठीसारखे पेशींचे पुंजके दिसतात, ग्रॅन्युलोमा, आणि ते नसांना धरून लांबट पसरलेले असतात, नस कधीकधी पूर्ण खाऊन टाकलेली असते. तिथे जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या टोकाला प्रतिकारच नसतो, तिथे फेसाळ दिसणाऱ्या मोठ्या पेशी थरच्या थर आणि फाइट-फराको रंग दिला की त्यांच्या आत लाल काड्यांचे जुडगेच्या जुडगे. पहिल्यांदा शिकताना मी ते भिंगाखाली बघितलं तेव्हा बराच वेळ नजर काढली नव्हती. मधले प्रकार अनेक.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर, असेच ग्रॅन्युलोमा त्वचेच्या टीबीत असतात, सारकॉइड नावाच्या आजारातही असतात. नसेला धरून आहेत का, हे बघूनच फरक करायचा. त्यासाठी तुकडा खोल हवा, वरवरचा खरवडून घेतला तर त्यात नसच येत नाही. आणि अगदी सुरुवातीच्या चट्ट्यात स्लाइड साधी येऊ शकते, "काही खास नाही" असा रिपोर्ट आला म्हणजे कुष्ठरोग नाही असा अर्थ काढू नका, बधिरपणा असेल तर परत दाखवा.

रानजाई
माझ्या रिपोर्टमध्ये शेवटी लिहिलंय "सजेस्टिव्ह ऑफ लायकेनॉइड डर्मटायटिस, क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड". पैसे भरले, टाका घेतला आणि उत्तर काय तर "तुमचं तुम्ही जुळवा". स्पष्ट का लिहीत नाहीत? खरंच विचारतेय, राग नाही.

स्लाइडवाली
राग आला तरी चालेल, प्रश्न रास्त आहे. कातडीकडे व्यक्त व्हायच्या पद्धती मोजक्या आणि आजार शेकड्यांनी. लायकेनॉइड म्हणजे वरच्या थराच्या अगदी खाली लिम्फोसाइट पेशींचा आडवा पट्टा साचलाय आणि तो वरच्या थराचा तळ कुरतडतोय. हे लायकेन प्लॅनसमध्ये असतं, औषधाच्या रिअ‍ॅक्शनमध्ये असतं, ल्युपसमध्येही जवळपास असंच. स्लाइडवर काही खुणा मदत करतात, इओसिनोफिल पेशी बऱ्याच दिसल्या तर मी औषधाकडे झुकते, पण त्या प्रत्येक वेळी नसतात. तिथे फॉर्मवर "बीपीची गोळी चार महिन्यांपूर्वी बदलली" एवढी एक ओळ असती तर सगळं चित्र फिरतं. बीपीच्या काही गोळ्यांनी असे चट्टे येतात हे माहीत असलेलं आहे आणि ते गोळी सुरू केल्यावर कित्येक महिन्यांनीही येऊ शकतात, त्यामुळे पेशंटला स्वतःला संबंध लक्षातच येत नाही. तुम्ही कुठल्या गोळ्या घेता का? असतील तर यादी घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे परत जा, आणि त्यांना म्हणा पॅथॉलॉजिस्टशी एकदा फोनवर बोला. आम्हाला तो फोन हवाच असतो.

रानजाई
हो, बीपीची आहे, गेल्या दिवाळीनंतर सुरू झाली. चट्टे होळीच्या सुमाराला. कोणी विचारलंच नव्हतं. उद्याच अपॉइंटमेंट घेते.

स्लाइडवाली
घ्या, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका हं, बीपी वाढलं तर ते जास्त धोक्याचं.

बाराखडी
मलमांबद्दल लिहा ना ताई. आमच्या घरात नायटा म्हटलं की मेडिकलवाल्याला विचारून ट्यूब आणतात.

स्लाइडवाली
@बाराखडी, त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र असतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दोन दिवसात जाते, माणूस खूश, खाली बुरशी मजेत वाढते आणि नायट्याची ती गोल कड पुसली जाते. मग तो ओळखूच येत नाही, सोरायसिससारखा, कधी ल्युपससारखा दिसतो आणि बायोप्सीपर्यंत येतो. पीएएस रंग दिल्यावर वरच्या केराटिनमध्ये बुरशीचे किरमिजी धागे दिसतात आणि उलगडा होतो. पण बाकीच्या आजारात स्टेरॉइड लावलेलं असलं की खुणाच विरून जातात, त्यामुळे बायोप्सीआधी साधारण दोन आठवडे मलम थांबवायला सांगतात, डॉक्टरांना विचारून.

मेलबर्नकर
इकडे ऑस्ट्रेलियात स्किन कॅन्सर म्हणजे घरोघरचा विषय, जीपीकडे (इथला फॅमिली डॉक्टर) गेलं की तीळ बघतात, शंका आली तर तिथंच काढून पाठवतात. माझ्या ऑफिसात चाळिशीतल्या दोघातिघांचं काढून झालंय. आपल्या रंगाच्या लोकांना धोका कमी हे खरं का? बायको म्हणते दर वर्षी चेकअप कर, मी टाळतोय.

स्लाइडवाली
उन्हानं होणाऱ्या कॅन्सरचा धोका आपल्याला खूप कमी, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही आणि आपल्यात मेलानोमा वेगळ्या जागी होतो, तळपाय, तळहात, नखाखाली, जिथे ऊन पोचतही नाही. बॉब मार्लीला पायाच्या बोटाच्या नखाखालीच झाला होता, आधी फुटबॉलची जखम समजली गेली, 1981 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. आपल्याकडेही तेच, "काटा लागला असेल, चप्पल लागली असेल" करत करत वर्ष जातं. तळपायावर नवीन काळा डाग आला, वाढतोय, कडा वेड्यावाकड्या किंवा नखात काळी पट्टी रुंद होत चाललीय आणि रंग नखाच्या मुळाच्या कातडीवर उतरलाय, तर थांबू नका. डर्मोस्कोपनं (कातडी बघायचं दिव्याचं भिंग) तळपायाच्या रेषांत बघतात, रंग खोबणीत असेल तर बहुतेक वेळा साधा तीळ, उंचवट्यावर असेल तर संशय.

यात तुकडा कसा काढला याला फार महत्त्व. जमत असेल तर पूर्ण डाग थोड्या कडेसकट काढतात, वरवर तासत नाहीत. कारण आम्ही मेलानोमाची खोली मिमीत मोजतो, वरच्या थरातल्या ग्रॅन्युलर लेयरपासून सगळ्यात खोल गेलेल्या पेशीपर्यंत. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये हे मोजमाप मांडलं आणि आजही पुढचं सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. 1 मिमीपर्यंत असेल तर भोवतालची 1 सेंमी कड काढतात, 2 मिमीच्या पुढे गेला तर 2 सेंमी, आणि साधारण 0.8 मिमीच्या पुढे जवळच्या लिम्फ नोडची तपासणी करायची का हा विचार सुरू होतो. तासून अर्धाच काढला तर खोलीच हरवते. तीळ आहे की मेलानोमा असा पेच पडला तर ब्लॉकमधून आणखी काप काढून एस-100, सॉक्स-10, एचएमबी-45 असे मार्कर (ठरावीक पेशीच रंगवणारे खास रंग) लावतो, त्यानं चार-पाच दिवस वाढतात.

वहिनींचं ऐका, चेकअप करून टाका आणि मोजे काढून तळवे दाखवा.

माजघर
माझी आजी नऊवारी नेसायची, कमरेला काळाकुट्ट घट्टा पडलेला होता. अशा घट्ट्याचं काही होतं का?

स्लाइडवाली
@माजघर, घट्टा सगळ्यांना पडतो, त्याचं काही होत नाही. पण तिथं भेग पडली, जखम झाली आणि ती महिनोन् महिने भरत नाही, कडा उचललेल्या, कठीण, तर तुकडा काढलाच पाहिजे. परळच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 मध्ये यावर लिहिलंय, घट्ट धोतराच्या जागी होणारा कॅन्सर. काश्मिरात कांगडी पोटाशी धरून बसणाऱ्यांना पोटावर आणि मांडीवर होतो तोही याच जातीचा, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. 2024 मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांच्या केसेस छापल्या, त्यातली एक वर्षानुवर्षं घट्ट लुगडं नेसणारी. खानोलकरांनी कुष्ठरोगाच्या सुरुवातीच्या चट्ट्यांवरही मायक्रोस्कोपखाली प्रचंड काम केलंय, मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

जुन्या भाजल्याच्या वणात, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेतही हाच कॅन्सर उगवतो. तिथं तुकडा मधल्या सडलेल्या भागातून नको, कडेचा हवा, आणि एकदा काही नाही आलं तरी जखम वाढत असेल तर दुसऱ्या जागेचा परत घ्यायचा. परकराची नाडी एकाच रेघेवर रोज आवळणाऱ्या आई-आज्या घरात असतील तर रुंद पट्टा वापरायला सांगा.

गोदाकाठ
ताई एक राहिलं. आईला पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचंय, तिथे परत तुकडा घेतील का? परत नको वाटतं तिला.

स्लाइडवाली
बहुतेक गरज पडणार नाही. जिथं तपासणी झाली त्या लॅबला अर्ज द्या आणि स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही मागा, नुसता रिपोर्ट नाही. पोचपावतीवर सही करून देतात. ब्लॉक असला की पुण्यात नवे काप काढून नवे रंग देता येतात. इम्युनोफ्लोरेसन्सच्या स्लाइडची चमक टिकत नाही, म्हणून त्याचा रिपोर्ट आणि फोटो काढलेले असतील तर ते घ्या. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे, आणि काम झालं की परत मागून घ्या.